त्या मंगळवारी न झालेला फोन

ताई,

करंजाडेच्या चौकात तुझा बॅनर लागलाय. मधोमध तुझा फोटो, तोही कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, कारण घरात तुझा एकटीचा दुसरा फोटो सापडला नाही. वर ‘हिमालयकन्या’ असं लिहिलंय. आजूबाजूला सतरा जणांचे गोल गोल फोटो आहेत. त्यात माझाही आहे, गॉगल लावलेला, आणि तो तुझ्या फोटोपेक्षा जरा मोठाच आलाय. तू असतीस तर रिक्षा थांबवून, कोणाची तरी शिडी मागून तो स्वतः उतरवला असतास. मला ते जमलं नाही. तीन दिवस त्याच रस्त्याने जातोय आणि मान खाली घालतोय.

गावच्या मंडळाने तुझ्यावर दोन पानं लिहून मागितली आहेत. तुझा जन्म, शिक्षण, किती वेळा हिमालयात गेलीस, सगळं हवंय त्यांना. मी लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला थांबलो. तुझ्याबद्दल दुसऱ्यांना सांगायचं असं माझ्याकडे फार नाही. तुला सांगायचं आहे ते मात्र राहिलंय. तेव्हा ही दोन पानं तुलाच.

थकलोय गं. तुला जाऊन बारा दिवस झाले, आणि या बारा दिवसांत मी एवढ्या माणसांना भेटलो, एवढे चहाचे कप उचलले, की तुझी आठवण काढायला म्हणून वेळच मिळाला नाही. आई तुझ्या खोलीत झोपते. तुझी जाड लोकरीची बंडी तिने उशाशी घेतलीय. पनवेलच्या हवेत त्या बंडीचा काय उपयोग, पण मी काही बोलत नाही.

तू पहिल्यांदा तिकडे गेलीस तेव्हा आईने तुझ्या सामानात करंजाच्या बंदरावरून आणलेलं सुकट बांधून दिलं होतं, आठवतं? तू ते डुमरिंगपर्यंत नेलंस. नदीकाठचं ते शेवटचं गाव; त्याच्या पुढे नुसते दगड आणि मग तुझं बर्फ. धरमसिंगच्या घरी राहायचीस. तो तुझं सामान वाहायचा, तुझ्याबरोबर वर चढायचा. त्याच्या बायकोने सुकटाची पिशवी उघडली आणि नाकाला पदर लावून बाहेर अंगणात नेऊन ठेवली. गावातल्या कुत्र्यांनी ती फस्त केली. हे तू परत आल्यावर इतक्यांदा सांगितलंस की आई शेवटी म्हणाली, “त्या कुत्र्यांनाच नेऊन दे पुढल्या वक्ताला. त्यांना कदर तरी हाय.”

तेव्हा तू हसायचीस. तुझं काम मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं. वर्षाला एकदा हजार मैल जायचं, बर्फाची जीभ जिथे संपते तिथल्या खडकावर लाल रंगाने वर्ष लिहायचं आणि परत यायचं. पुढच्या वर्षी परत जायचं, बर्फ कुठे गेलंय ते बघायचं, आणि नवीन खडक रंगवायचा. “एवढंच?” मी विचारलं होतं. तू म्हणालीस, “एवढंच. फक्त दर वर्षी थोडं जास्त चालावं लागतं.” पहिल्या वर्षी म्हणे त्या खडकावर उभं राहून बर्फाला हात लावता यायचा. शेवटच्या वर्षी त्याच खडकावरून बर्फ दिसतही नव्हतं.

आणि बर्फ मागे सरकलं त्या जागी तळं झालं. त्याला अडवून धरणारं काय, तर बर्फानेच पूर्वी ढकलत आणलेला दगडमातीचा ढिगारा. सिमेंट नाही, काही नाही. त्यात आता अशा उंचीवर पाऊस पडतो जिथे आधी बर्फच पडायचं, उन्हाळे लांबतात, कडे सुटे होतात, आणि त्यांतला एखादा तळ्यात कोसळला की संपलं. हे तू मला अनेकदा समजावलंस. मी ‘हं’ म्हणायचो. आईला मात्र एकदाच सांगावं लागलं. तिने अर्धं आयुष्य बाबांबरोबर मिठागरात काढलेलं. तू कागदावर ढिगारा काढलास, मागे पाणी काढलंस, आणि आई म्हणाली, “बांद वरून नाय फुटत गो. खेकडं बिळं करतात, पाणी आतून पाझरतं, आणि मंग एकदम बसतो. आमी रोज बाहेरच्या अंगाला ओल बघायचो. ओल दिसली की समजायचं.” तू तिच्याकडे बघत राहिलीस. नंतर तुझ्या ऑफिसातल्या लोकांना तू तेच सांगायचीस, फक्त आईचं नाव न घेता. ते मला आवडलं नव्हतं. आईला काहीच वाटलं नव्हतं.

माझ्याशी तुझं भांडण वेगळं होतं. मी भराव टाकतो. खाडीच्या कडेच्या सखल जमिनी, जुनी मिठागरं, भातखाचरं, तिथे मुरुम आणि डबर ओतून उंच करायचं, मग त्यावर प्लॉट पडतात. आपल्या बाबांचं मिठागरही असंच गेलं. तू म्हणायचीस, “दिन्या, ती पाण्याची जागा आहे. तू भरलीस तर पाणी कुठे जाणार?” मी म्हणायचो, “मी नाही भरली तर दुसरा भरेल.” आणि तू म्हणायचीस, “मग दुसऱ्याला भरू दे.” ज्या वर्षी गाढी नदीचं पाणी सुकापूरला माझ्या घरात गुडघाभर शिरलं, त्या वर्षी तू फोन केलास आणि एका अक्षरानेही टोमणा मारला नाहीस. फक्त विचारलंस, फ्रीज उचलून ठेवला का. ते टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

मी काम थांबवलेलं नाही. हेही तुला सांगायला हवं. आज सकाळीही चार डंपर गेले.

पण मला बोलायचंय ते याबद्दल नाही. मी आडवळणाने चाललोय.

दोन वर्षांपूर्वी आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तू इथे होतीस. सकाळी धरमसिंगचा फोन आला. “मॅडम, नदी का पानी एकदम कम हो गया है. और काला आ रहा है.” तूच गावातल्यांना शिकवलं होतंस की पावसाळ्यात पाणी अचानक कमी झालं तर वर काहीतरी अडलंय असं समजा. तुझा चेहरा मी बघत होतो. तू म्हणालीस, “सब को लेके ऊपर जाओ. अभी.”

अख्खं गाव वरच्या कुरणावर गेलं. तीन दिवस तिथे पाऊस. डोक्यावर ताडपत्र्या. मटारचं पीक खाली शेतात कुजलं. आणि खाली काहीच झालं नाही. बर्फाचा एक मोठा तुकडा तळ्याच्या तोंडाशी अडकला होता, तो वितळला आणि पाणी हळूहळू पूर्ववत झालं. पण धरमसिंगच्या वडिलांना दम्याचा त्रास होता. ताडपत्रीखालच्या त्या गारठ्यात ते गेले.

तू तिकडे गेलीस. कोणी बोलावलं नव्हतं. परत आलीस तेव्हा मी तुला घ्यायला पनवेल स्टेशनवर आलो होतो. गाडीत बसल्यावर तू पट्टा लावलास. दाराशी आल्यावर म्हणालीस, “त्याने मला चहा दिला रे. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाला, आपने तो ठीक ही सोचा होगा.”

ऑफिसने तुला पत्र दिलं, की गाव हलवायला सांगण्याचा तुला अधिकार नाही. ते तू माझ्यापुढे टाकलंस आणि म्हणालीस, “बरोबर आहे त्यांचं.” त्यानंतर धरमसिंगने तुझं सामान वाहिलं नाही. पाण्याचा रंग कळवायला त्याचा फोन यायचा, तोही बंद झाला. तू खडक रंगवत राहिलीस, पण आल्यावर काही सांगेनाशी झालीस.

मग गेल्या वर्षी तुझं आजारपण निघालं.

आता त्या मंगळवारबद्दल. श्रावण संपत आला होता. केमो होऊन तिसरा दिवस, म्हणजे सगळ्यात वाईट. तुझ्या तोंडात फोड आले होते, पाणीसुद्धा चमच्याने. मी दुपारी आलो तर तू उशीला टेकून बसली होतीस आणि हातात फोन. ऑफिसातल्या तुझ्या ज्युनियरने उपग्रहाचा फोटो पाठवला होता. तू मला तो दाखवलास. मला नुसता करडा डाग दिसला.

“ही ओल बघ,” तू म्हणालीस. “ढिगाऱ्याच्या बाहेरच्या अंगाला. गेल्या आठवड्यात नव्हती. आणि परवापर्यंत तिकडे मोठा पाऊस सांगितलाय.”

“मग ऑफिस बघेल.”

“तिने पत्र वर पाठवलंय. ते खाली पोचायला चार दिवस लागतील. मला धरमसिंगला फोन करायचाय.”

मी म्हटलं, “नको.”

तू माझ्याकडे बघितलंस.

“ताई, नको. तुझ्यात बसायचं त्राण नाही. मागच्या वेळचं विसरलीस? परत काही झालं नाही तर? परत कोणी गेलं तर? तो तुझा फोन उचलणार आहे का? आणि उचलला तर काय काय ऐकवेल?”

“ऐकवू दे.”

“मला नाही ऐकवत,” मी म्हणालो. “तू आता बरी हो. जगाचा मक्ता तू घेतलेला नाहीस.”

आई दारात उभी होती. तू नंबर लावायला लागलीस, पण चुकीचं नाव दाबलं जात होतं. आणि मी तुझ्या हातातून फोन काढून घेतला. हिसकावला नाही, असं मी स्वतःला बरेच महिने सांगत आलो. तुझ्या बोटांत ताकदच नव्हती, त्यामुळे हिसकावायची गरज पडली नाही, एवढंच खरं. फोन मी शर्टाच्या खिशात घातला; तुझे सगळे नंबर त्यातच होते. म्हटलं, “झोप. उद्या सकाळी बोलू.” आणि घरी निघून आलो. सुकापूरला पोचेपर्यंत तो दोनदा वाजला. मी बघितला नाही.

सकाळी सातला परत आलो. तू त्याच जागी, तशीच टेकून बसली होतीस. आई म्हणाली, “ती डोला मिटून पडली नाय.” तू हात पुढे केलास. मी फोन दिला.

तिसऱ्यांदा त्याने उचलला. तू माझ्यासमोरच बोललीस, त्या फोडांनी भरलेल्या तोंडाने. “धरमसिंग, मैं इस बार भी गलत हो सकती हूँ. मैं हाथ जोडती हूँ. सब को निकालो. और नदी के उस पार रस्तेवाले मजदूर हैं, उनको भी.” तो म्हणाला, “ठीक है, मॅडम.” तेवढंच. तू फोन ठेवलास आणि उलटी केलीस.

दुपारी तीनच्या सुमारास तळं फुटलं.

काय काय झालं ते आपल्याला दुसऱ्या दिवशी कळलं. त्याने सकाळभर दारोदार जाऊन लोकांना विनवलं होतं. लोक ऐकेनात. मागच्या वेळी याचाच बाप गेला होता आणि आज हाच सांगतोय, म्हणून शेवटी निघाले. म्हातारी माणसं, गुरं, कोणाचं तरी बाळंतपण झालेलं, यात दुपार झाली. गाव वर पोचलं. मग तो पुलाकडे पळाला, पलीकडच्या कामगारांना सांगायला. पुलापर्यंत पोचायच्या आधीच त्याला आवाज ऐकू आला. त्याने अलीकडच्या काठावरून आरडाओरडा केला, अंगातलं जाकीट काढून हलवलं. काही जण पळाले. सगळे नाही. खालची बारा घरं, पूल आणि पत्र्याच्या शेडची ती वस्ती, सगळं गेलं.

तू फोनवर एकच विचारलंस, “कितने?” त्याने आकडा सांगितला. तू तो मला सांगितला नाहीस आणि मीही विचारला नाही.

एक दिवस आधी सांगितलं असतं तर पुरेसा वेळ मिळाला असता. हे हिशोब करून काढायची गरज नाही. मला कळत होतं, तुला कळत होतं, आणि तुला कळतंय हे मला कळत होतं. तरी तू मला एका शब्दाने बोलली नाहीस. नंतरचे साडेचार महिने मी रोज येत होतो. तुला कलिंगडाचा रस करून द्यायचो, पाय चेपायचो, टीव्ही लावायचो. रोज ठरवायचो की आज विषय काढू. एकदा तू स्वतःच म्हणालीस, “दिन्या, त्या दिवशी...” माझ्या हातातला पेला तसाच राहिला. तू माझ्याकडे बघितलंस, काय दिसलं तुला कोण जाणे, आणि म्हणालीस, “त्या दिवशीसारखा आलं घालून चहा कर रे जरा.” तुला चहा चालत नव्हता हे दोघांनाही माहीत होतं. मी करून आणला. तू तो हातात धरून बसलीस.

तू रागावली असतीस तर मी उलट बोललो असतो. म्हणालो असतो, मी तुझ्यासाठी केलं. ते खरंही आहे. पण त्याच्याखाली आणखी एक होतं, ते कबूल करतो. मला डुमरिंगचा कंटाळा आला होता. माझी बहीण माझ्यासमोर संपत चालली होती आणि तिचं अर्धं लक्ष कुठल्यातरी डोंगरात होतं, ज्यांची तोंडंही मी बघितलेली नव्हती अशा माणसांत. मला वाटलं, आता तरी तू आमची असावीस. एक दिवस. तो एक दिवस मी तुला खिशात घालून घेऊन गेलो, आणि त्याची किंमत नदीपलीकडच्या माणसांनी दिली.

काल धरमसिंगचा फोन आला. तुझ्या ज्युनियरकडून त्याला कळलं होतं. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच नीट ऐकला. वाटला त्यापेक्षा म्हातारा आहे. म्हणाला, वर नवीन जागेत पत्र्याची घरं झाली आहेत, पाणी लांबून आणावं लागतं, गावातली तरुण पोरं खाली शहरात निघून गेली. तळं पूर्ण रिकामं झालेलं नाही, पुन्हा भरतंय. बर्फ अजून मागे गेलंय. हे सगळं तो एखाद्या दमलेल्या माणसासारखं एका सुरात सांगत होता. मग म्हणाला, “मॅडम ने हमारा गाँव बचाया.”

मला ते सहन झालं नाही. म्हटलं, “एक दिन की देर हुई थी.”

तो म्हणाला, “हाँ. मॅडम ने बताया था.”

“क्या बताया था?”

“बाद में फोन किया था उन्होंने. रो रही थीं. बोलीं, मुझे एक दिन पहले पता चल गया था, धरमसिंग. मैं डर गई थी. पिताजी वाली बात से डर गई थी, इसलिए फोन नहीं किया.”

ताई, तू असं सांगितलंस. ज्या माणसाचा बाप तुझ्या एका शब्दामुळे गेला, त्याला तू परत फोन करून आणखी एक दोष स्वतःवर घेतलास, जो तुझा नव्हता. आणि मला काहीही कळू न देता माझ्या हातचा रस पीत राहिलीस.

मी गॅलरीत उभा होतो. खाली नेहमीप्रमाणे कोणाची तरी गाडी मागे घेताना वाजत होती. मी त्याला सांगितलं. “मॅडम डरी नहीं थीं. वो फोन करने वाली थीं. मैंने उनके हाथ से फोन ले लिया था. मैं उनका छोटा भाई. दिनेश.”

मला वाटलं फोन कटला. बघितलं तर चालू होता. तो म्हणाला, “अच्छा.” मग विचारलं, “उनको तकलीफ बहुत थी क्या उस दिन?” मी म्हटलं, हो, खूप होती. तो पुन्हा म्हणाला, “अच्छा.” माफ केलं असं म्हणाला नाही. मला शिव्याही दिल्या नाहीत. आई कशी आहे ते विचारलं आणि फोन ठेवला.

आत आलो. आई तुझ्या पलंगावर बसून ऐकत होती. हिंदी तिला फारशी येत नाही, पण तिला सगळं कळलं होतं. म्हणाली, “सांगितलंस?”

“सांगितलं.”

“तिला नसतं आवडलं,” आई म्हणाली, आणि पलीकडे सरकून मला बसायला जागा दिली.

नसतंच आवडलं. तू म्हणाली असतीस, दिन्या, मी एवढं झाकलं आणि तू ते उघडं करून मोकळा झालास. मी म्हणालो असतो, तुला कोणी सांगितलं होतं झाकायला. आपण आवाज चढवला असता, आई मध्ये पडली असती, दोन दिवस बोललो नसतो. मग तूच फोन केला असतास.